पेट्रोल, ५ लिटर

मिस्त्रींनी लिहून दिलेल्या अंदाजपत्रकात अकरा ओळी होत्या. इंजिन उतरवणे, खोलणे, ब्लॉक बोअर करणे, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग, व्हॉल्व्ह घासणे, रिंग-पिस्टनचा संच, बेअरिंगचा संच, पॅकिंगचा संच आणि अखेर इंजिन बांधून गाडीत बसवणे, अशा दहा बाबींपुढे त्यांची मजुरी किंवा किंमत वळणदार अक्षरात मांडलेली होती. अकराव्या ओळीत फक्त ‘पेट्रोल, ५ लिटर’ असे होते. इंजिन तर बाहेर काढणार, मग हे पेट्रोल कशाला, असे मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, “बाई, ते धुवायला. पोऱ्या धुतो.” सुटे झालेले सगळे भाग एकेक करून स्वच्छ करण्याचे, कितीही घाई केली तरी दोन-तीन दिवस खाणारे काम त्या कागदावर काम म्हणून नव्हतेच, होते ते त्यासाठी लागणारे पेट्रोल.

गॅरेजच्या भाषेत इंजिन खोलतात आणि बांधतात. खोलणारा आणि बांधणारा मिस्त्री असतो. मधल्या धुण्याला वेगळा मान नाही, आणि जो धुतो त्याला पोऱ्या म्हणतात, मग त्याचे वय काहीही असो. आमचा पोऱ्या एकोणीस वर्षांचा होता, दहावी झालेला होता, आणि इंजिनाच्या कामातले त्याला अजून काहीच येत नव्हते म्हणूनच हे काम त्याच्याकडे होते. मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे हा क्रम मला उलटा वाटला. इंजिन बांधताना चूक झाली तर इंजिन बिघडते. धुताना चूक झाली तर इंजिन बिघडतेच, शिवाय धुणाराही. तेवढ्यावरून मी मिस्त्रींना सांगितले की अकरावी ओळ खोडा, धुण्याचे मी आणि हा मुलगा मिळून बघतो. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती म्हणून ते मला बाई म्हणतात, आणि बाईंना थेट नकार देता येत नाही, एवढ्या एका कारणाने त्यांनी होकार दिला असावा. पाचशे रुपये वाचवण्याचा हा बाईंचा हिशेबीपणा आहे, असे त्यांनी नंतर चहावाल्याला सांगितल्याचे मला समजले.

गाडी वडिलांची. १९८४ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी, चुनाभट्टीच्या आमच्या इमारतीमागे पत्र्याच्या शेडमध्ये १९९८ पासून उभी. ती जिथे तयार झाली तो प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कुर्ल्याचा कारखाना आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून ती घडवली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती साऱ्या मुंबईची झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या टॅक्सीचे पर्व अधिकृतपणे संपले. त्या बातम्यांनी माझे मन हेलावले आणि मी गाडी दुरुस्तीला काढली, असे लिहिले तर लेखाला शोभेल, पण ते खरे नाही. शेड पाडण्याविषयी सोसायटीची नोटीस आली; गाडी भंगारात द्यावी की चालती करावी, एवढाच प्रश्न होता. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आहे. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेले धड, ओतीव लोखंडाचा आणि हेड, म्हणजे त्यावरचे झाकण, ॲल्युमिनियमचे आहे. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे ती कामाला येणार आहे.

पेट्रोलने भाग धुण्याची सवय कशी पडली असेल ते समजण्यासारखे आहे. ते तेल आणि ग्रीस चटकन सोडवते, ब्रशाच्या दोन फटकाऱ्यांत धातू चमकू लागतो, आणि पेट्रोल आपोआप उडून गेल्यामुळे पुसण्याचेही कष्ट वाचतात. मात्र जे उडाले ते गॅरेजातच राहते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे ती वर जात नाही, लादीवरून पाण्यासारखी पसरते, खोलगट जागी साचते, मोरीच्या जाळीतून गटारात उतरते. आपल्याकडे भाग धुणारा माणूस टेबलापाशी उभा नसतो, तो घमेल्यापुढे उकिडवा बसलेला असतो, त्यामुळे त्याचे नाक नेमके त्या वाफेच्या थरात असते. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते. बीएस-६ मानकानुसार त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावे लागते, परंतु बेन्झीन रक्ताचा कर्करोग घडवते हे निर्विवाद सिद्ध झालेले असल्यामुळे, तो एक टक्का दिवसभर हुंगावा आणि कोपरापर्यंत हातांना चोळावा, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. टाकीतले पेट्रोल तोंडाने नळी ओढून काढण्याची पद्धत तर याहून वाईट आहे, कारण तो एक घोट घशाऐवजी फुप्फुसात उतरला तर तिथे गंभीर दाह होतो.

आगीचे गणित याहून कडक आहे. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास जमली की ती पेटू शकते, आणि पेट्रोल शून्याखाली ४० अंशांनाही अशी वाफ सोडत असल्यामुळे मुंबईत त्याला ‘थंड’ म्हणावे असा एकही दिवस उगवत नाही. मिस्त्रींच्या गॅरेजात कमरेइतक्या उंचीच्या फळीवर गणपतीची तसबीर आहे आणि तिच्यापुढे रोज सकाळी निरांजन लागते. मी त्याकडे बोट दाखवल्यावर मिस्त्री किंचित दुखावले. मला खरी भीती निरांजनापेक्षा कोपऱ्यातल्या कंप्रेसरची वाटत होती. निरांजन निदान दिसते, ते विझल्यावर काम सुरू करता येते. कंप्रेसर जमिनीलगत बसलेला असतो, टाकीतला दाब उतरला की आपल्या मर्जीने सुरू होतो, आणि त्याच्या स्विचमध्ये उडणारी ठिणगी कोणाला दिसत नाही. पोऱ्याने यावर विचारलेला प्रश्न मला आवडला. तो म्हणाला, “मग आजवर आग कशी नाही लागली?” मी त्याला सांगितले की दार उघडे असते, पंखा चालू असतो आणि नशीब चांगले असते, म्हणून, यांपैकी दोन गोष्टी पावसाळ्यात बंद असतात.

पेट्रोलच्या जागी आम्ही रॉकेल घेतले. माझ्या पिढीला रॉकेल म्हटले की रेशनच्या दुकानापुढची डब्यांची रांग आणि भेसळ ओळखता यावी म्हणून घातलेला तो निळा रंग आठवतो. आता मिळते ते खुल्या बाजारातले पांढरे. रॉकेल सुरक्षित आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याजोगी वाफ जमू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात, आणि रॉकेलसाठी भारतीय मानकात तो कमीत कमी ३५ अंश धरलेला आहे. आता मे महिन्यातली मुंबईची दुपार आणि डोक्यावर तापलेला पत्रा मनात आणा. पुस्तकातल्या २५ अंशांच्या प्रयोगशाळेत जे निवांत असते, ते आपल्या शेडमध्ये उंबरठ्यावर उभे असते. तरीही पावसाळ्यातल्या गारव्यात, उघड्या दारापाशी, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात लिटर-दोन लिटर घेऊन काम केले तर रॉकेल पेट्रोलपेक्षा कितीतरी सोशिक आहे. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. हवेच्या गनने रॉकेल किंवा डिझेल फवारून इंजिन धुण्याची जी चाल आहे ती सोडावी लागते, कारण फवाऱ्याचे बारीक तुषार फ्लॅश पॉइंटच्या खालीही पेट घेतात. आणि रॉकेलने भिजलेली चिंधी वातीसारखी असते, म्हणून ती कोपऱ्यात न टाकता झाकणाच्या डब्यात टाकावी लागते.

हातमोज्यांचा विषय मी दोन वाक्यांत संपवते. पेट्रोल-रॉकेलमध्ये साधे रबरी मोजे फुगतात व लिबलिबीत होतात, नायट्राइलचे टिकतात. आणि तारेच्या फिरत्या ब्रशापुढे मात्र कोणतेच मोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला तर त्यामागून बोट जाते. पोऱ्याला मोज्यांची लाज वाटत होती. शेजारच्या गॅरेजातली मुले त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागली होती, आणि हे नाव त्याला पुढेही चिकटून राहिले.

आता कॉस्टिक सोड्याकडे येते, कारण या साऱ्या उद्योगात माझी खरी परीक्षा तिथे झाली. ब्लॉक बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घ्यायला, लेथवाल्याकडे गेला, तेव्हा तिथे तो आधी उकळून घेतात असे समजले. लोखंडी टाकीत कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी असते आणि त्यात ब्लॉक रात्रभर ठेवला की चाळीस वर्षांचे तेल, रंग आणि चिकटा सोलून निघतो. जुनाट तेलात तयार झालेल्या आम्लांचा आणि रंगातल्या तेलाचा साबण होतो आणि तो बाकीचा मळ सोडवतो, एवढीच यामागची विद्या आहे, आणि लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही. ॲल्युमिनियमला मात्र ते खाऊन टाकते. हे समीकरण मी ३१ वर्षे फळ्यावर लिहिले होते आणि मुलांनी ते ३१ वर्षे पाठ केले होते: ॲल्युमिनियम विरघळते, सोडियम ॲल्युमिनेट तयार होते आणि हायड्रोजन मोकळा होतो. किती हायड्रोजन, याचा हिशेब आम्ही परीक्षेत विचारत असू. २७ ग्रॅम, म्हणजे मूठभरही नाही एवढे ॲल्युमिनियम विरघळले तर मुंबईच्या ३० अंशांत सुमारे ३७ लिटर हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात असला तरी पेटतो. बंद खोलीत, झाकलेल्या टाकीत हेड टाकले तर सकाळी हेड तर गेलेलेच असेल, वर झाकण उघडणाऱ्याने विडी पेटवलेली नसावी अशी प्रार्थना करावी लागेल.

हेड टाकीत जाणार नाही याची काळजी मी घेतली होती. ते मी घरीच ठेवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी ब्लॉक वर काढला तेव्हा त्याच्या कडेला एका जागी नुसतेच भोक दिसले, आणि भोकाच्या काठाला पावसात विरलेल्या खडूसारखा काहीतरी शिल्लक राहिलेला तुकडा होता. तिथे एक छोटी ॲल्युमिनियमची टोपी होती. तेलाच्या काळ्या थराखाली ती लोखंडासारखीच दिसत होती. मिस्त्रींनी ती पाहिली नाही, लेथवाल्याने पाहिली नाही, आणि समीकरण पाठ असलेल्या बाईंनीही पाहिली नाही. मळाचा हा गुण मला पुस्तकात कधी भेटला नव्हता: तो सगळ्या धातूंना एकाच जातीचे करून टाकतो. त्या दिवशी मी नागदेवी स्ट्रीटला जाऊन हातभर दांड्याचा एक लोहचुंबक आणला, आणि त्यानंतर प्रत्येक भाग आधी चुंबकापुढून जाऊ लागला. ज्याला चुंबक चिकटतो तो लोखंडाच्या घमेल्यात. ज्याला चिकटत नाही तो दुसऱ्या घमेल्यात, आणि त्या घमेल्याला कॉस्टिकच नव्हे तर धुण्याचा सोडाही नाही. चुंबकही फसवू शकतो, कारण ॲल्युमिनियमच्या भागात लोखंडी स्टड बसलेला असला तर चुंबक त्याला चिकटतो, म्हणून तो भागावर चारी बाजूंनी फिरवून पाहावा लागतो. कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते, बेअरिंगच्या पांढऱ्या धातूत कथील किंवा शिसे असते, आणि जस्त, कथील व शिसे हे तिन्ही गरम कॉस्टिकपुढे ॲल्युमिनियमच्याच पंक्तीला बसणारे आहेत, हे मी मिस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांनी प्रथमच मान डोलावली. क्रँकच्या जुन्या बेअरिंगा उकळल्यावर ‘राखाडी पडतात’ हे त्यांना ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते.

कॉस्टिक माणसालाही तसेच खाते. १०० ग्रॅम कॉस्टिक लिटरभर पाण्यात विरघळताना ते पाणी सुमारे २५ अंशांनी तापवते, म्हणून पाण्यात कॉस्टिक थोडे थोडे घालायचे असते; कॉस्टिकवर पाणी ओतले तर पहिल्या घोटभर पाण्यात सारी उष्णता एकवटते आणि ते उसळून अंगावर येते. आम्ल त्वचेवर पडले की आग होते आणि माणूस हात झटकतो. कॉस्टिक आधी बुळबुळीत लागते, कारण आपल्याच कातडीचा साबण होत असतो, आणि दुखू लागेपर्यंत ते खोल उतरलेले असते. डोळ्यात तर आम्लापेक्षा ते अधिक घात करते. लेथवाल्याच्या टाकीपाशी डोळ्यांचा चष्मा नव्हता, पण वाहत्या पाण्याचा नळ होता, आणि दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर काय निवडावे हे मला आजही ठरवता येत नाही. डोळ्यात गेलेच तर लगेच, पापण्या उघड्या धरून, किमान १५ मिनिटे पाणी वाहते ठेवायचे आणि मग डॉक्टरांकडे पळायचे. लिंबू किंवा व्हिनेगर घालून ‘मारा उतरवण्याचा’ शहाणपणा करायचा नाही. हे सारे मी लेथवाल्याच्या मुलाला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्ही इन्शुरन्सवाल्या का?”

हेड घरी होते, ते मी आणि पोऱ्याने स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत वर्तमानपत्रे पसरून स्वच्छ केले. ज्वलनकक्षांवर करड्या-पिवळट काजळीचा दगडी थर होता. ही गाडी १९९८ मध्ये उभी राहिली, म्हणजे तिने आयुष्यभर शिसे घातलेले पेट्रोल प्यायले असणार. भारतात शिसेविरहित पेट्रोल मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून मिळू लागले, पण ते नव्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी; शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्यामुळे जुन्या इंजिनातली ती काजळी म्हणजे नुसता कोळसा नसतो, त्यात शिशाची संयुगे असतात. ड्रिलला तारेचा ब्रश लावून ती कोरडी उडवली तर हेड पाच मिनिटांत चकचकीत होते आणि शिशाची धूळ छातीत, केसांत, शर्टाच्या शिवणीत बसते. पोऱ्याच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत तीन वर्षांची बहीण आहे. लहान मुलाच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने काही न बोलता ब्रश बाजूला ठेवला. मोज्यांबद्दल मला दहा वेळा सांगावे लागले होते.

१७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या एका कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. धुराड्यात शिरण्यासाठी लहान अंगाची माणसे लागत, म्हणून ते काम पोरे करीत. जुन्या इंजिन ऑईलमध्येही त्याच जातीची रसायने असतात. त्या तेलात बुडवलेली चिंधी दिवसभर पँटच्या खिशात बाळगू नये, यामागचे कारण हेच आहे. मी हे वर्गात कधी शिकवले नव्हते, कारण ते अभ्यासक्रमात नव्हते.

काजळी आम्ही ओली ठेवून काढली. रात्रभर रॉकेलमध्ये भिजवलेले फडके ज्वलनकक्षांवर पसरले, आणि सकाळी मिस्त्रींनी दिलेल्या बांबूच्या कामटीने खरवडायला घेतले. या कामटीबद्दल मिस्त्रींचा मला मनापासून आदर वाटला. लोखंडी पटाशीने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि पॅकिंगच्या बैठकीवरचा एक ओरखडा पुढे पाणी व दाब गळण्याची वाट होतो. कामटी भिजलेली काजळी निघण्याइतकी कठीण पण ॲल्युमिनियमपेक्षा मऊ असते. पतंगाच्या कामटीसारखी ती तासून, टोकाला तिरपी करून त्यांनी दिली होती, आणि पोऱ्याने दोन दिवसांत अशा अकरा कामट्या झिजवल्या. खाली पडलेला ओला चुरा वर्तमानपत्रातच गुंडाळून पिशवीत बांधला. काम झाल्यावर हात आणि तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, असा नियम केला. हात आधी खोबरेल तेलाने चोळायचे आणि मग साबणाने धुवायचे, म्हणजे भुसा आणि कपडे धुण्याची पावडर चोळून कातडी सोलण्याची गरज उरत नाही.

हेडखालचे जुने पॅकिंग तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस दाबून केलेले होते. त्या काळच्या पॅकिंगमध्ये, क्लचच्या प्लेटमध्ये आणि ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि त्याच्या तंतूंमुळे होणारे आजार अनेकदा वीस-तीस वर्षांनी उघड होतात, त्यामुळे धुळीचा दोष कधी कोणाला दिसत नाही. पॅकिंग आम्ही साबणाच्या पाण्याने भिजवले, भिजलेलेच उचलले आणि दोन पिशव्यांत बंद केले. ब्रेकच्या ड्रमातली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची, हे मिस्त्रींच्या मात्र पचनी पडले नाही. करोनाच्या काळातले एन-९५ मास्क माझ्याकडे होते, ते या कामाला उपयोगी पडले. त्यांनी धूळ अडते, वाफ अडत नाही, हे पोऱ्याला समजावण्यात अर्धा दिवस गेला, कारण मास्क घातला की पेट्रोलने धुवायला हरकत नाही असा त्याने सोयीचा निष्कर्ष काढला होता.

एवढे शहाणपण वाटल्यावर माझी फजिती होणे क्रमप्राप्त होते. हेडची खालची सपाट बाजू, म्हणजे पॅकिंगची बैठक, अधिक लख्ख व्हावी म्हणून मी भांड्यांची हिरवी घासणी घेतली आणि दुपारभर घासत बसले. संध्याकाळी मिस्त्री आले, त्यांनी हेड हातात घेतले, बोटाचे टोक बैठकीवरून फिरवले, अंगठ्यावर चोळले आणि म्हणाले, “बाई, ही भांडी नव्हेत.” त्या घासणीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, म्हणजे कुरुंदाचे, हिऱ्याच्या खालोखाल कठीण. ते सुटून तेलाच्या वाटेत अडकले, तर इंजिन सुरू झाल्यावर तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत पोहोचतात आणि त्या मऊ धातूत रुतून बसतात. मोहच्या कठीणतेच्या श्रेणीत त्याचा क्रमांक ९ आहे, हे मला माहीत होते. घासणीत तेच असते, हे मी कधी जोडून पाहिले नव्हते. मिस्त्रींना श्रेणी ठाऊक नव्हती, पण पूर्वी एकदा अशाच घासणीने घासलेले इंजिन महिन्याभरात तेलाचा दाब सोडून त्यांच्याकडे परत आले होते. हेड पुन्हा पहिल्यापासून धुतले. तेलाच्या प्रत्येक वाटेतून बाटल्या धुण्याचा बारीक ब्रश घालून, साबणाचे पाणी पिचकारीने सोडून, दुसऱ्या टोकाला पांढरे फडके धरून बसलो.

कार्ब्युरेटरच्या जेटसाठी, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तुकड्यांसाठी, मी ओळखीच्या चष्मेवाल्याकडची अल्ट्रासोनिक टाकी अर्धा तास मागून घेतली. साध्या साबणाच्या पाण्यात पितळेचे जेट टाकले आणि चाळीस वर्षांचा पिवळा राळेसारखा थर ढगासारखा सुटून आला. माझ्या आजीची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने जशी निघत, तसे ते जेट निघाले, आणि चष्मेवाल्याने मला पुन्हा येऊ नका असे प्रेमाने सांगितले.

उरले ते घाण पाणी आणि घाण रॉकेल. आमच्या भागातून मिठी नदी जाते, आणि गॅरेजची मोरी कुठे उघडते हे विचारण्याची कोणाला गरज पडत नाही. वापरलेले रॉकेल आम्ही कॅनमध्ये आठ दिवस स्थिर ठेवले; गाळ खाली बसला, वरचे निवळलेले पुन्हा धुण्याला घेतले आणि तळचा काळा गाळ जुन्या ऑईलच्या पिंपात गेला. वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. पिंप न्यायला येणारा माणूस नोंदणीकृत आहे का, असे मी विचारले, तेव्हा मिस्त्रींनी सांगितले की तो दर लिटरमागे पैसे देतो. हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि त्यापुढे मी रेटले नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

बोअर होऊन ब्लॉक परत आला तो ऑगस्टमधल्या एका दमट सकाळी. बोअरनंतरच्या शेवटच्या घासणीत, म्हणजे होनिंगमध्ये, दगडाने सिलिंडरच्या भिंतींवर तिरप्या रेषांची बारीक जाळी उठवलेली असते, तीत नवे तेल टिकते. पण त्याच रेषांमध्ये दगडाचा चुराही बसलेला असतो. रॉकेलने किंवा पेट्रोलने तो चुरा निघत नाही. तेल विरघळते आणि कण तिथेच राहतो. त्याला लागते गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ केसांचा ब्रश, म्हणजे पाच लिटर पेट्रोलच्या त्या ओळीत जे कधीच बसले नसते तेच. मिस्त्रींनी याला विरोध केला नाही. लोखंडावर पाणी घालायचे म्हटल्यावर मात्र ते घड्याळाकडे पाहू लागले, कारण मुंबईच्या पावसाळ्यात घासलेले ओतीव लोखंड सुकेपर्यंत थांबले तर डोळ्यांदेखत तांबूस होते.

म्हणून सगळी तयारी आधी केली. दोन बादल्या उकळते पाणी, एक बादली साधे, सुती धोतराचे फाडलेले पांढरे तुकडे, उघडलेला ऑईलचा डबा. कंप्रेसरची हवा दाब उतरवून ठेवली आणि मिस्त्रींनी चष्मा घातला. हवा अंगावर मारायची नाही, कपडेही तिने झटकायचे नाहीत, हे पोऱ्याला मी पहिल्या दिवशीच बजावले होते. थट्टेने एकमेकांच्या अंगावर हवा सोडण्यात आपल्या देशात जीव गेलेले आहेत. त्याने चारही सिलिंडर घासले, मी पाणी ओतले, मिस्त्रींनी हवेने पाणी उडवले, आणि लगेच मी धोतराचा तुकडा इंजिन ऑईलमध्ये बुडवून पहिल्या सिलिंडरमधून फिरवला. तुकडा करडा निघाला. दुसऱ्यांदा फिकट, तिसऱ्यांदा स्वच्छ. दुसरा सिलिंडर दोनच खेपांत स्वच्छ झाला, चौथाही. तिसऱ्यातून मात्र चौथ्या खेपेलाही तुकड्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक रेघ येत राहिली.

मिस्त्री म्हणाले, “एवढं चालतं.” मी काही बोलण्याआधीच पोऱ्याने तो तुकडा उजेडात धरला, नखाने त्या रेघेवर ओढून पाहिले, आणि तिसऱ्या सिलिंडरसाठी बादली पुन्हा स्टोव्हकडे घेऊन गेला. स्टोव्ह त्याने दाराबाहेर, रॉकेलच्या डब्यापासून दूर, पावसाच्या पन्हळीखाली लावलेला होता.